‘लहान दिसते’ या तक्रारीचा अर्थ : मस्तिष्काघातानंतरची आकारमान-विकृती

मस्तिष्काघाताला मराठीत जी नावे रूढ आहेत ती सर्व त्याच्या परिणामावरून पडलेली आहेत, कारणावरून नव्हेत. ‘पक्षाघात’ म्हणजे शरीराच्या एका पक्षाचा, अर्थात् एका बाजूचा, घात. ‘अर्धांगवायू’ म्हणजे अर्ध्या अंगात भरलेला वायू. आणि ‘लकवा’ हा अरबीतून आलेला शब्द मुळात तोंड वाकडे होण्याच्या विकाराचाच वाचक होता. या तिन्ही शब्दांनी मराठी भाषकाच्या मनात एक निश्चित चित्र उभे केले आहे. हात लुळा पडतो, पाय ओढला जातो, ओठाचा कोपरा खाली झुकतो, वाचा जाते. हे चित्र खोटे नाही. परंतु ते अपुरे आहे. मेंदूच्या मागील भागाला रक्त पुरविणाऱ्या पश्च मस्तिष्क रोहिणीत अडथळा उत्पन्न झाला तर पुष्कळदा हातही चालतो, पायही चालतो आणि वाणीही शाबूत राहते. बिघडते ती दृष्टी. असा मनुष्य अंथरुणाला खिळत नाही. तो चष्म्याच्या दुकानात जातो.

दृष्टीचे हे बिघाड नाना प्रकारचे असतात. अर्धे दृष्टिक्षेत्र नाहीसे होणे हा त्यांतील सर्वपरिचित प्रकार होय. कधी रंग जातात, कधी ओळखीचे चेहरे अनोळखी होतात. प्रस्तुत लेखाचा विषय असलेला प्रकार त्या मानाने विरळा आहे आणि तो शब्दांत सांगणे अधिक अवघड आहे. वस्तू दिसते, तिचा रंग दिसतो, ती कोणती वस्तू आहे हेही कळते. मात्र ती असावी त्याहून लहान, क्वचित् मोठी, दिसते. वैद्यकात पहिल्या प्रकाराला मायक्रॉप्सिया व दुसऱ्याला मॅक्रॉप्सिया म्हणतात. मराठीत त्यांना अनुक्रमे ‘लघुदर्शन’ व ‘बृहद्दर्शन’ म्हणता येईल. ‘लघुदृष्टी’ हा शब्द येथे वापरणे सोयीचे वाटले तरी तो टाळलेला बरा. कारण जवळचे दिसते व लांबचे दिसत नाही अशा सामान्य दृष्टिदोषाशी त्याचा घोटाळा होईल.

शब्दांचा घोटाळा हा या विषयात केवळ परिभाषेपुरता मर्यादित नाही. ‘आकार’ या एकाच मराठी शब्दात दोन कल्पना नांदतात. ‘गोल आकाराची थाळी’ म्हणताना आकार म्हणजे घडण. ‘मोठ्या आकाराची थाळी’ म्हणताना आकार म्हणजे लहानमोठेपण. नेहमीच्या व्यवहारात विशेषण सोबत असल्याने अडचण येत नाही. पण रुग्णाने ‘वस्तूंचा आकार बदलल्यासारखा दिसतो’ एवढेच सांगितले तर त्यातून काय समजावयाचे? सरळ रेषा वाकड्या दिसतात की सरळ रेषा सरळच राहून आखूड होतात? पहिल्या स्थितीत संशय प्रथम डोळ्याच्या पडद्यावर, दुसऱ्या स्थितीत तो अधिक विस्तृत प्रदेशावर घ्यावा लागतो. ‘आकारमान’ हा पर्याय शास्त्रीय लेखनात उपलब्ध आहे. परंतु शालेय विज्ञानात तो घनफळासाठी खर्ची पडला आहे, आणि बोलण्यात तर तो कोणीच वापरीत नाही. या लेखात ‘आकारमान’ म्हणजे केवळ लहानमोठेपण असे समजावे.

वैशेषिकांना ही अडचण नव्हती. त्यांनी ‘परिमाण’ हा स्वतंत्र गुण मानला आणि त्याचे अणू, महत्, दीर्घ व ह्रस्व असे चार भेद केले. इतकेच नव्हे, तर परिमाणाच्या ज्ञानात चूक कशी होते याचाही विचार त्या परंपरेत आढळतो. सतराव्या शतकातील विश्वनाथ न्यायपंचाननाच्या ‘न्यायसिद्धांतमुक्तावली’त भ्रमाला कारण होणाऱ्या दोषांची उदाहरणे देताना, पांढरी वस्तू पिवळी दिसण्यास पित्त हा दोष आणि चंद्र लहान दिसण्यास दूरत्व हा दोष, असे सांगितले आहे. हे दोन्ही दोष शेजारी ठेवण्यात मोठी मर्मज्ञता आहे. पित्त पाहणाऱ्याच्या देहात असते. दूरत्व देहाबाहेर, पाहणारा व वस्तू यांच्यामध्ये असते. लहानपणाच्या भ्रमाचे कारण देहातही, आणि तेही डोळ्यात नव्हे तर मेंदूत, असू शकते, ही भर मात्र आधुनिक काळाने घातली.

ती समजण्यासाठी आधी निरोगी मनुष्य वस्तूचे आकारमान कसे ठरवितो ते पाहावे लागेल. पाच मीटरांवर उभा असलेला मनुष्य दहा मीटरांवर गेला, की डोळ्याच्या पडद्यावरील त्याची प्रतिमा जवळजवळ निम्मी होते. परंतु तो निम्मा झालेला कोणालाही दिसत नाही. तो तेवढाच, फक्त लांब गेलेला दिसतो. अंतर व प्रतिमा यांचा मेळ घालून मेंदू आकारमान स्थिर ठेवतो. याची सोपी प्रचीती १८८१ मध्ये एमिल एमर्ट या स्विस नेत्रवैद्याने वर्णिलेल्या नियमातून येते. एखाद्या ठळक रंगीत चौकोनाकडे अर्धा मिनिट टक लावून पाहिल्यावर दृष्टी पांढऱ्या पृष्ठभागावर वळविली, की त्या चौकोनाची अनुप्रतिमा तेथे तरंगते. हातातील कागदावर ती लहान दिसते, समोरच्या भिंतीवर मोठी. पडद्यावरील थकलेला भाग दोन्ही वेळी तोच आणि तेवढाच असतो. बदलते ते केवळ गृहीत धरलेले अंतर.

हार्वर्ड येथील होल्वे व बोरिंग यांनी १९४१ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या संदर्भात अभिजात मानला जातो. एकमेकांना काटकोनात मिळणाऱ्या दोन अंधाऱ्या बोळांच्या संगमावर निरीक्षक बसे. एका बोळात १० ते १२० फुटांवर प्रकाशाची तबकडी दाखवीत. प्रत्येक अंतरावरील तबकडी अशी बेतलेली असे, की डोळ्याशी तिचा कोन नेहमी एक अंशाचाच व्हावा. दुसऱ्या बोळात दहा फुटांवर लहानमोठी करता येणारी तबकडी असे आणि निरीक्षकाने ती पहिलीइतकी करावयाची असे. दोन्ही डोळे उघडे असताना लोकांनी दूरची तबकडी तिच्या खऱ्या आकारमानाच्या जवळपास मोठी जुळविली. एक डोळा झाकला, नंतर बारीक छिद्रातून पाहावयास लावले, भिंतींवरून परावर्तित होणारा प्रकाशही अडविला. तसतसे अंतराचे पुरावे गळत गेले आणि जुळणी निव्वळ कोनाकडे झुकत गेली. म्हणजे लहानमोठेपण हे डोळ्यात तयार होऊन येत नाही. ते पुराव्यांवरून ठरते आणि पुरावे काढून घेतले तर बदलते.

हा निवाडा मेंदूत नेमका कोठे होतो, या प्रश्नाचे उत्तर दीर्घ काळ असे दिले जाई, की पश्चखंडातील प्राथमिक दृष्टिबाह्यक केवळ पडद्याचा नकाशा उमटवून घेते आणि अर्थ लावण्याचे काम पुढील क्षेत्रे करतात. २००६ मध्ये मरे, बोयाजी व कर्स्टन यांनी या समजुतीला धक्का दिला. त्यांनी एका बोळाचे चित्र घेऊन त्यात समान कोनाचे दोन गोळे दाखविले, एक जवळचा वाटावा असा व दुसरा दूरचा. दूरचा गोळा अर्थातच मोठा भासतो. आश्चर्य हे, की त्याच्यामुळे प्राथमिक बाह्यकात जागृत होणारा प्रदेशही अधिक पसरलेला आढळला. पडद्यावरील प्रतिमा समान असताना नकाशावरील ठसा मोठा झाला होता. पुढे २००८ मध्ये याच संशोधकांच्या सहभागाने असेही दिसून आले, की निरीक्षकाचे लक्ष दुसरीकडे गुंतविले तर हा विस्तार ओसरतो. त्यावरून तो वरच्या क्षेत्रांकडून परत येणाऱ्या संदेशांमुळे होत असावा. २०११ मध्ये श्वार्झकॉफ, साँग व रीस यांनी आणखी एक नोंद केली. ज्यांचे प्राथमिक बाह्यक क्षेत्रफळाने लहान असते त्यांना आकारमानाचे काही नेत्रभ्रम अधिक तीव्रतेने होतात. दोन निरोगी माणसांना एकच वर्तुळ किंचित् वेगळ्या आकारमानाचे दिसत असेल, ही शंका तत्त्वज्ञांनी पूर्वीपासून घेतली होती. तिला मोजमापाचा आधार मिळाला तो असा.

आता आघाताकडे वळावयास हरकत नाही. प्राथमिक दृष्टिबाह्यकाचा डावा अर्धा भाग उजव्या दृष्टिक्षेत्राचा व उजवा अर्धा भाग डाव्या दृष्टिक्षेत्राचा नकाशा धारण करतो. त्याच्याभोवती, ब्रॉडमनच्या १९०९ सालच्या क्रमांकांप्रमाणे १८ व १९ ही क्षेत्रे आहेत. आघाताने प्राथमिक भागच नष्ट झाला तर विरुद्ध बाजूचे अर्धे जग दिसेनासे होते. परंतु तो भाग बऱ्याच अंशी वाचला आणि भोवतालच्या क्षेत्रांना इजा झाली तर कधी कधी अर्धे जग दिसत राहते, पण लहान दिसते. या प्रकाराला अर्धक्षेत्री लघुदर्शन म्हणता येईल. त्याची काटेकोर तपासणी झालेली उदाहरणे थोडी आहेत. फ्रान्समध्ये कोएन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये असे दोन रुग्ण वर्णिले. १९९९ मध्ये जर्मनीतील कासुबेक व सहकाऱ्यांनी वर्णिलेल्या रुग्णात उजव्या पश्च-शंख प्रदेशात रक्तवाहिन्यांच्या एका गाठीतून रक्तस्राव झाला होता. त्याच्या डाव्या क्षेत्रातील वस्तूंचे आकारमान व अंतर अधूनमधून चुकत असे, तरी ते क्षेत्र आंधळे झालेले नव्हते. त्याच वर्षी इटलीतील फ्रासिनेत्ती, निकेल्ली व दि पेल्लेग्रिनो यांनी अधिकच विलक्षण प्रकार नोंदविला. त्यांच्या रुग्णाला इजेच्या विरुद्ध बाजूच्या वस्तू केवळ आडव्या दिशेने आकुंचित दिसत. उंची जशीच्या तशी राही.

या शेवटच्या रुग्णाची तक्रार मराठीत कशी उमटली असती, याचा विचार करून पाहण्यासारखा आहे. रुंदी कमी व उंची तेवढीच, यासाठी मराठी बोलणाऱ्याच्या तोंडी सहज येणारा शब्द ‘बारीक’ हा आहे. आणि ‘बारीक’ हा शब्द मोठा फसवा आहे. माणसाविषयी तो ‘कृश’ या अर्थाने येतो. अक्षर, खडी, वाळू, मीठ यांच्याविषयी तो ‘सर्व बाजूंनी लहान’ या अर्थाने येतो. आवाजाविषयी ‘क्षीण’ आणि नजरेविषयी ‘सूक्ष्म’ या अर्थाने. ‘डावीकडची माणसे बारीक दिसतात’ हे वाक्य ऐकून ऐकणारा बहुधा आडव्या आकुंचनाचा अर्थ घेईल, ‘डावीकडची अक्षरे बारीक दिसतात’ हे ऐकून सर्वांगीण लघुत्वाचा; रुग्णाला मात्र दोन्ही वेळी एकच गोष्ट सांगावयाची असू शकेल. ‘अरुंद’ हा नेमका शब्द मराठीत आहे, पण तो रस्ता, बोळ, पट्टी, दार यांना लागतो; माणसाच्या चेहऱ्याला ‘अरुंद’ कोणी सहसा म्हणत नाही. यातून भाषेचा दोष दाखवावयाचा नाही. मितिवाचक विशेषणे वस्तूच्या जातीप्रमाणे अर्थ बदलतात, हे बहुतेक भाषांत घडते. परंतु मेंदूतील बिघाड वस्तूची जात पाहत नाही, विशेषण मात्र ती पाहून बदलते; म्हणून तपासणी करणाऱ्याने विशेषणावर विसंबून राहता कामा नये.

अर्धक्षेत्री लघुदर्शनाचे एक तात्त्विक महत्त्वही आहे. सर्व विश्व एका रात्रीत हजारपट मोठे झाले, मोजपट्टीही तेवढीच मोठी झाली आणि पाहणाराही, तर कोणाला काय कळणार, असा प्रश्न प्वँकारे यांनी १९०८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात चर्चिला आहे. संपूर्ण दृष्टिक्षेत्र लहान झालेल्या रुग्णाची स्थिती याच्याशी काहीशी जुळते. त्याला तुलनेसाठी स्मृती आणि स्पर्श यांचाच काय तो आधार. अर्धक्षेत्री विकारात मात्र बिघडलेले व न बिघडलेले जग एकाच दृष्टिक्षेपात शेजारी असते. समोरच्या माणसाच्या नाकावर दृष्टी स्थिर केली, की चेहऱ्याचा एक अर्धा भाग दुसऱ्याहून लहान दिसतो. नजर सरकविली, की मघाशी लहान असलेली वाटी मोठी होते आणि मोठी असलेली लहान. म्हणूनच असा रुग्ण बहुधा गोंधळलेला असला तरी फसलेला नसतो. वस्तू बदललेली नाही, आपले पाहणे बदलले आहे, हे त्याला ठाऊक असते.

ही जाण व्यक्त करण्याचे एक चांगले साधन मराठी व्याकरणात आहे. ‘वाटी लहान आहे’, ‘मला वाटी लहान दिसते’, ‘मला वाटी लहान वाटते’ आणि ‘मला वाटी लहान भासते’ ही चार वाक्ये समानार्थक नाहीत. पहिल्यात जगाविषयी विधान आहे. ‘दिसते’ मध्ये इंद्रियानुभव आहे, ‘वाटते’ मध्ये निर्णय वा अंदाज, आणि ‘भासते’ मध्ये तो अनुभव खरा नसल्याची कबुली आहे. रोजच्या बोलण्यात ही सीमारेषा पुसट होते हे मान्य केले पाहिजे. तरी प्रश्न विचारणाऱ्याने ती पाळल्यास लाभ होतो. तो लाभ केवळ भाषिक काटेकोरपणाचा नव्हे. कार्लसन यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत निरोगी माणसांना दिलेली सूचना बदलताच आकारमानाची जुळणीही बदलली. ‘प्रत्यक्षात जेवढी आहे तेवढी करा’ असे सांगितल्यावर लोकांनी दूरची वस्तू खरीपेक्षाही मोठी ठरविली आणि ‘जेवढी दिसते तेवढी करा’ असे सांगितल्यावर जुळणी खऱ्याच्या जवळ राहिली. सूचनेतील एका क्रियापदाने निरोगी माणसाचे उत्तर बदलत असेल, तर ‘काय वाटतं?’ आणि ‘कसं दिसतं?’ हे प्रश्न रुग्णापुढे अदलाबदलीने टाकणे कितपत योग्य, हे सांगावयास नको.

क्रियापदाइतकाच घोटाळा अंतराच्या शब्दांनी होतो. लघुदर्शनाचे रुग्ण पुष्कळदा वस्तू ‘लहान’ आणि ‘लांब गेलेली’ अशी दोन्ही सांगतात. वरवर हे स्वाभाविक वाटते. लांबच्या वस्तू लहान दिसतात असा सर्वांचा समज असतो. परंतु एमर्टच्या नियमाप्रमाणे याच्या उलट व्हावयास पाहिजे. पडद्यावरील प्रतिमा तेवढीच असता वस्तू खरोखर लांब असल्याचे मेंदूने धरले, तर ती मोठी दिसावयास हवी, जशी भिंतीवरील अनुप्रतिमा मोठी दिसते. लहानही आणि लांबही, ही जोडी त्या नियमात बसत नाही. निरोगी डोळ्यांतही ती आढळते. डोळे नाकाकडे वळवून जवळच्या बिंदूवर केंद्रित केले असता पलीकडील वस्तू लहान भासतात आणि पुष्कळ लोक त्या लांब गेल्याचेही सांगतात, वास्तविक डोळ्यांचे वळणे हा जवळपणाचा पुरावा असतो. याची एक मान्यता पावलेली उपपत्ती अशी, की येथे दोन निवाडे एकामागून एक होतात. जवळपणाच्या पुराव्यामुळे वस्तू आधी लहान दिसते. मग ‘लहान, त्या अर्थी लांब’ असा दुसरा, अधिक जाणीवपूर्वक निष्कर्ष निघतो. हे ग्राह्य धरले तर रुग्णाच्या वाक्यातील ‘लहान’ हा शब्द अनुभवाचा आणि ‘लांब’ हा शब्द अनुमानाचा ठरतो. दोन्ही शब्द एकाच वाक्यात, एकाच सुरात येतात. हेल्महोल्ट्झने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रत्यक्ष ज्ञानातच अबोध अनुमान दडलेले असते असे प्रतिपादिले होते; त्यावर हे दुसरे, सबोध अनुमान चढते.

मेंदूच्या इजेने लहानपण कसे उद्भवते, याविषयी दोन प्रकारे विचार होऊ शकतो. एक असा, की इजा झालेल्या बाजूकडून येणारा ठसाच तोकडा पडतो आणि पुढील क्षेत्रे त्याला लहान वस्तूचा ठसा म्हणून वाचतात. २००६ व २०११ चे निष्कर्ष या विचाराला पोषक आहेत. दुसरा असा, की ठसा शाबूत असतो, पण अंतराप्रमाणे त्याचे प्रमाण वाढविण्याची क्रिया त्या अर्ध्या भागापुरती बंद पडते. हा दुसरा विचार आकर्षक असला तरी त्याच्यापुढे एक अडचण उभी राहते. तसे असते तर लांबच्या वस्तू फार लहान आणि अगदी जवळच्या वस्तू जवळजवळ बरोबर दिसावयास हव्या होत्या. शिवाय केवळ आडव्या दिशेचे आकुंचन त्यातून निघत नाही. अंतराला आडवे-उभे असे काही नसते. त्यामुळे पहिला विचार अधिक संभाव्य मानावा लागतो, जरी थोड्या रुग्णांवरून एवढेच म्हणता येते.

उजव्या गोलार्धाच्या आघातानंतर होणारा पार्श्वदुर्लक्षाचा विकारही येथे जवळचा नातलग म्हणून येतो. त्यात रुग्ण डाव्या बाजूकडे लक्षच देत नाही. ताटातील डावीकडचा भात तसाच राहतो. मिल्नर व हार्वी यांनी १९९५ मध्ये दाखविले, की अशा काही रुग्णांना डावीकडील आडव्या आकृती उजवीकडील तेवढ्याच आकृतींहून आखूड दिसतात. उभ्या आकृतींच्या बाबतीत तसे घडत नाही. दुर्लक्ष आणि आकुंचन यांपैकी कारण कोणते व कार्य कोणते हा वाद येथे सोडून देता येईल. अधिक विचारार्ह आहे ती १९९७ मधील एक नोंद. पार्श्वदुर्लक्षाच्या एका रुग्णाला डावीकडील वस्तू लहान दिसे. पण ती उचलण्यासाठी हात पुढे करताना अंगठा व बोटे यांमधील अंतर बरोबर खऱ्या आकारमानाएवढे उघडत असे. डोळ्याने सांगितलेले लहानपण हाताने मानले नाही.

असाच भेद त्यापूर्वी दुसऱ्या एका रुग्णात प्रसिद्धीस आला होता. वैद्यकीय वाङ्मयात ‘डी. एफ्.’ या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या स्त्रीच्या मेंदूला १९८८ मध्ये कार्बन मोनॉक्साइड वायूने इजा झाली. तो आघात नव्हता, इजा वेगळ्या प्रकारची होती. ठोकळ्याची रुंदी तिला बोटांच्या अंतराने दाखविता येत नसे. तोच ठोकळा उचलावयास सांगितले तर बोटे योग्य तेवढीच उघडत. गुडेल व मिल्नर यांनी यावरून पाहून जाणण्याचा मार्ग आणि पाहून करण्याचा मार्ग मेंदूत निराळे असल्याचे प्रतिपादिले. मराठी भाषकाच्या दृष्टीने यातील ‘दाखविणे’ व ‘उचलणे’ हा फरक फार महत्त्वाचा आहे. आकारमान सांगताना मराठी मनुष्य विशेषणावर थांबत नाही. तो ‘एवढा’, ‘एवढासा’, ‘एवढाल्ला’ असे म्हणतो आणि हाताने माप दाखवितो. ‘एवढा’ हा शब्द हाताच्या खुणेशिवाय अपुरा आहे. तपासणाऱ्याला वाटेल, की शब्दांचा घोळ टळला, आता हातच बोलतो आहे. परंतु खुणेचा हात डोळ्याचे ऐकतो, उचलणारा हात ऐकत नाही. ‘एवढीशी दिसते’ म्हणून चिमूट दाखविणारा रुग्ण त्याच वाटीला हात घालताना पूर्ण पंजा उघडू शकतो आणि त्यात ढोंग नसते. घरच्या माणसांना मात्र नेमके तेच ढोंग वाटण्याचा संभव असतो.

चित्र काढून दाखविण्याच्या चाचणीतही एक जुना सापळा आहे. एल ग्रेको या चित्रकाराने माणसे लांबोडी रंगविली, त्याअर्थी त्याच्या डोळ्यात दोष असला पाहिजे, असे विसाव्या शतकाच्या आरंभी एका स्पॅनिश नेत्रवैद्याने सुचविले होते. तर्क चुकीचा आहे. ज्याला माणूस लांबोडा दिसतो त्याला कापडावरील चित्रही लांबोडेच दिसेल, आणि दोन्ही चुका एकमेकींना छेद देतील. संपूर्ण क्षेत्राच्या लघुदर्शनात म्हणूनच चित्रावरून काही कळत नाही. अर्धक्षेत्री विकारात मात्र नमुना एका बाजूस व कागद दुसऱ्या बाजूस ठेवला आणि दृष्टी मध्यबिंदूवर स्थिर राखली, की छेद जात नाही व चूक उघड होते. दोन वर्तुळे दोन बाजूंना दाखवून समान करावयास लावणे ही त्याचीच सुटसुटीत रीत होय.

लहानमोठे दिसण्याचे प्रत्येक उदाहरण आघाताचे नसते, हे सांगणे अवश्य आहे. लुई कॅरलच्या १८६५ सालच्या कथेतील ॲलिसचे नाव इंग्लंडमधील टॉड यांनी १९५५ मध्ये एका लक्षणसमूहाला दिले. अर्धशिशी, अपस्मार आणि मुलांतील काही विषाणुजन्य ज्वर ही त्याची नेहमीची कारणे. अर्धशिशीतील विकृती बहुधा काही मिनिटांत वा तासाभरात ओसरते. पडद्याला सूज आली तरी लघुदर्शन होते, परंतु ते त्या एका डोळ्यापुरते असते. येथेही रुग्णाचे शब्द वाट चुकवितात. डाव्या दृष्टिक्षेत्रात बिघाड झालेला मनुष्य ‘डाव्या डोळ्याने नीट दिसत नाही’ असेच म्हणतो, कारण ‘दृष्टिक्षेत्राची डावी बाजू’ ही कल्पना बोलभाषेत नाही. एकेक डोळा आळीपाळीने झाकून पाहिले, की उलगडा होतो. विकृती दोन्ही वेळी त्याच बाजूस राहिली तर तिचे मूळ डोळ्यांच्या मागे, मेंदूकडे जाणाऱ्या मार्गात किंवा मेंदूतच आहे.

रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध साधारणपणे पहिल्या साडेचार तासांत द्यावयाचे असते. चेहरा, हात व वाचा या तीन खुणांवर आधारलेल्या लोकशिक्षणात मागील भागाचे आघात निसटतात, म्हणून अलीकडे तोल व दृष्टी या दोन खुणा त्यांत जोडल्या जातात. मराठी पत्रकांत त्यांतील दृष्टीची खूण बहुधा ‘अंधुक दिसणे’ अशी येते. एकाएकी अर्ध्या बाजूच्या वस्तू लहान, बारीक किंवा लांब गेल्यासारख्या दिसू लागलेल्या मनुष्याला ‘अंधुक दिसते का?’ असे विचारले, तर तो प्रामाणिकपणे ‘नाही’ असे उत्तर देईल. त्याला सर्व काही स्वच्छ दिसत असते. त्याला विचारावयाचे ते असे : एकदम, आजच, असे झाले का? एकच डोळा झाकला तरी तसेच दिसते का? समोर माझ्या नाकाकडे पाहा. माझे दोन्ही कान सारखे दिसतात का?